हा राउट कोणी टाकला?

मे २०१८मध्ये रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या एका पॅकेजमध्ये सुरक्षेची दुरुस्ती आली. पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, उघडला की एका शेल स्क्रिप्टमधली बदललेली ओळ एकच दिसते, आणि त्या ओळीत नवीन काय, तर ‘रीड’ या कमांडपुढे एक डॅश आणि एक आर. एवढ्याशा गोष्टीला सुरक्षेतल्या त्रुटींच्या यादीत सीव्हीई-२०१८-११११ असा भारदस्त क्रमांक मिळाला. कारण तो डॅश आर नसल्यामुळे त्याच वायफायवर बसलेला कोणीही तुमच्या मशीनवर रूटच्या, म्हणजे सर्वोच्च, अधिकारात हवी ती कमांड चालवू शकत होता. तुम्ही कशावर क्लिक करायची गरज नाही, काही उतरवून घ्यायची गरज नाही. मशीन नेटवर्कला जोडलं, त्याने पत्ता मागितला आणि खऱ्या डीएचसीपी सर्व्हरच्या, म्हणजे नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्याच्या, आधी त्या माणसाचं उत्तर पोचलं की काम फत्ते. गूगलच्या फेलिक्स विल्हेल्म यांनी ही फट शोधली. फट सापडल्याचं नवल नाही वाटत. ती ओळ इतके दिवस इतक्या जाणत्या डोळ्यांखालून गेली आणि कोणालाच खटकली नाही, हे मात्र डोक्यातून जात नाही.

त्या स्क्रिप्टचं काम तसं साधं होतं. डीएचसीपी सर्व्हरकडून जे पर्याय मिळतात, म्हणजे डोमेनचं नाव, वेळेच्या सर्व्हरचा पत्ता, प्रॉक्सीची माहिती वगैरे, ते नेटवर्कमॅनेजर, म्हणजे लिनक्समध्ये नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल करून पुढे देतो आणि नावांच्या सुरुवातीला ‘डीएचसीपी४’ लावतो. डीएचक्लायंट या जुन्या डीएचसीपी क्लायंटच्या हुक स्क्रिप्टांना, म्हणजे पत्ता मिळाल्यावर आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टांना, तीच माहिती ‘न्यू’ने सुरू होणाऱ्या नावांनी लागते. म्हणून ही मधली दुभाषी स्क्रिप्ट. ‘डिक्लेअर’ने सगळे व्हेरिएबल छापायचे, ‘ग्रेप’ने हवे तेवढे वेचायचे, एकेक ओळ ‘रीड’ने वाचून नाव बदलायचं आणि शेवटी सगळ्या गठ्ठ्यावर ‘इव्हॅल’ चालवायचं, म्हणजे तो मजकूर कमांड म्हणून चालवायला द्यायचा. ‘इव्हॅल’ दिसलं की रिव्ह्यू करणाऱ्याचे कान टवकारतातच. पण इथे वरवर पाहता धोका नव्हता, कारण बॅश या शेलचं ‘डिक्लेअर’ व्हॅल्यू छापताना अवतरणचिन्हांची चोख काळजी घेतं. व्हॅल्यूच्या आतच सुटं अवतरणचिन्ह आलं, तर त्याच्याआधी बॅकस्लॅश लावून ते निरुपद्रवी करून टाकतं. गोची मधल्या ‘रीड’ची. डॅश आर दिला नाही तर ‘रीड’ बॅकस्लॅश गिळतं. तो गेला की अवतरण अवेळी बंद होतं, आणि त्यापुढचा मजकूर ‘इव्हॅल’ला व्हॅल्यू न वाटता कमांड वाटतो. पहिली पायरी बरोबर, शेवटची पायरी चालण्यासारखी, आणि मधल्या नळीत गळती.

यात आणखी एक गंमत आहे, आणि माझ्या मते बगचं मूळ तिथेच आहे. ही स्क्रिप्ट ज्या फोल्डरमध्ये राहायची ते नेटवर्कमॅनेजरचं डिस्पॅचर फोल्डर, नेटवर्क बदललं की त्यातल्या स्क्रिप्टा चालतात. स्क्रिप्ट मात्र नेटवर्कमॅनेजरची नव्हती, ती डीएचसीपी क्लायंटच्या पॅकेजमधून यायची. आणि ती ज्या हुक स्क्रिप्टांना खाऊ घालायची त्या भलत्याच पॅकेजांच्या. नेटवर्कमॅनेजरच्या रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या साठ्यात, कितीही शोधलं तरी ही ओळ सापडणार नाही. डीएचसीपीच्या मूळ रिपॉझिटरीतही नाही, कारण तिथल्या लोकांचा नेटवर्कमॅनेजरशी काय संबंध? डिस्ट्रोच्या, म्हणजे लिनक्सच्या वितरणाच्या, पॅकेजरने दोघांच्या मधला सांधा जोडला आणि तो सांधा कोणाच्याच रोजच्या वाचनात आला नाही. लिनक्सच्या नेटवर्क कॉन्फिगरेशनमधले चिवट बग बहुतेक असेच. कोड चुकीचा असतो हे खरं, पण त्याआधी तो कोणाचा हेच धड ठरलेलं नसतं.

जुन्या काळी हा प्रश्न सोपा होता असं म्हणायचा मोह होतो. तो खरा नाही. डेबियन या डिस्ट्रोचं इफअपडाउन हे साधन घ्या. इंटरफेस, म्हणजे नेटवर्कची जोडणी, वर आहे की खाली, हे ते स्वतःच्या एका नोंदीच्या फाइलमध्ये लिहून ठेवतं. मग कोणी हाताने ‘आयपी लिंक सेट डाउन’ केलं की फाइल म्हणते वर, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, म्हणतो खाली. तुम्ही ‘इफअप’ म्हणता आणि ते शांतपणे सांगतं की इंटरफेस आधीच कॉन्फिगर झालेला आहे. मग ‘इफअप’ला जबरदस्तीचा पर्याय द्यायचा, नाहीतर आधी ‘इफडाउन’ करून पुन्हा वर आणायचं. रेड हॅटच्या इफसीएफजी या कॉन्फिगरेशन फाइलींचं दुखणं वेगळं. जुन्या नेटवर्क स्क्रिप्टा त्या फाइली शेलमध्ये सरळ सोर्स करायच्या, म्हणजे स्क्रिप्टसारख्या चालवायच्या. त्यामुळे ‘नेम’ पुढच्या नावात एक मोकळी जागा राहून गेली, तर जागेनंतरचा शब्द कमांड म्हणून चालायचा, तोही रूटच्या अधिकारात. नेटवर्कमॅनेजर त्याच फाइली वाचायचा, पण सोर्स न करता स्वतःच्या पार्सरने. म्हणजे एकाच फाइलीचे दोन वाचक आणि दोघांचे दोन अर्थ. एखाद्याने त्या फाइलीत ‘इफ’ची अट लिहून ठेवली असेल, तर जुनी स्क्रिप्ट ती पाळायची आणि नवा पार्सर ती ओलांडून पुढे जायचा. मेंटेनरला दोन्ही बाजूंनी शिव्या.

आता कीफाइल हा नेटवर्कमॅनेजरचा स्वतःचा साचा आला आहे. फेडोरा या डिस्ट्रोच्या ३३व्या आवृत्तीपासून नवी कनेक्शन त्याच साच्यात लिहिली जातात, आणि जुनी ‘एनएमसीएलआय कनेक्शन मायग्रेट’ने उचलून नेता येतात. त्यातही एक खाच आहे. फाइल हाताने बनवली आणि तिच्या परवानग्या ६०० (फक्त मालकासाठी) न ठेवता सवयीने ६४४ (सगळ्यांना वाचता येतील अशा) ठेवल्या, तर नेटवर्कमॅनेजर ती घेतच नाही. पासवर्ड सगळ्यांना वाचता येऊ नयेत म्हणून हे मुद्दाम केलेलं आहे. पण ज्याला लॉग बघायची सवय नाही, त्याच्या दृष्टीने फाइल आहे, मजकूर बरोबर आहे आणि कनेक्शन दिसत नाही.

नेटवर्कची खरी अवस्था शेवटी कर्नलमध्येच असते. बाकी सगळे तिच्या नकला बाळगून असतात.

ही नक्कल ताजी ठेवणं, म्हणजेच नेटलिंक या कर्नलशी बोलायच्या सॉकेटवरून नीट बोलणं, हा या कामातला सगळ्यात कमी दिसणारा आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारा भाग. आयपीराउट२ (‘आयपी’ कमांडचं पॅकेज), नेटवर्कमॅनेजर, सिस्टिमडी-नेटवर्कडी (लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडीचा नेटवर्कचा भाग), सगळे याच सॉकेटवरून कर्नलशी बोलतात. क्रम इथे फार महत्त्वाचा. आधी बदलांच्या ग्रुपमध्ये नाव नोंदवायचं आणि मग सगळ्या यादीचा डंप मागायचा. उलट केलंत, तर डंप संपल्यापासून नाव नोंदवेपर्यंतच्या फटीत झालेला बदल कायमचा हुकतो. तो बग शंभरातून एकदा दिसणार आणि तुमच्या मशीनवर कधीच दिसणार नाही. डंप चालू असताना यादी बदलली, तर कर्नल संदेशावर ‘डंप इंटर’चा झेंडा लावतो. तो पाहून डंप पुन्हा मागायचा असतो. कित्येक छोटी साधनं तो झेंडा बघतच नाहीत आणि अर्धवट यादीवर निर्णय घेतात. तिसरी गोष्ट सॉकेटच्या बफरची. घटना भराभर आल्या, प्रोसेसला वाचायला उसंत मिळाली नाही, की कर्नल वाट बघत बसत नाही. तो संदेश टाकून देतो आणि पुढच्या वाचनाला ‘ईनोबफ्स’ ही त्रुटी हातात ठेवतो. काय हरवलं ते कळायला मार्ग नाही, त्यामुळे आपली नक्कल संशयास्पद मानून सगळं नव्याने मागवायचं. नेटवर्कमॅनेजरच्या लॉगमध्ये नेटलिंकच्या घटना फार झाल्या, कॅश पुन्हा जुळवावी लागेल, अशा अर्थाची ओळ दिसते ती हीच. लोक ती ओळ चिकटवून बग नोंदवतात. खरं तर ती ओळ म्हणजे कोड शहाण्यासारखा वागल्याचा पुरावा. बग असलाच तर एवढ्या घटना कोण निर्माण करतंय तिथे.

बहुतेक वेळा तो राउटिंगचा डिमन, म्हणजे पडद्यामागे चालणारा प्रोग्राम, निघतो. इंटरनेटचं पूर्ण बीजीपी टेबल, म्हणजे कुठल्या पत्त्याकडे कसं जायचं हे सांगणाऱ्या राउटांची यादी, आज आयपीव्ही४साठीच नऊ लाख राउटांच्या पुढे आहे. बर्डसारखा डिमन ते कर्नलमध्ये ओतायला लागला, की शेजारी बसलेल्या नेटवर्कमॅनेजरलाही प्रत्येक राउटची वर्दी जाते. ज्या राउटांशी त्याचं काडीचं देणंघेणं नाही, त्यांच्यासाठी तो सीपीयू आणि मेमरी खर्च करत बसतो. उपाय निघाला तो वाचनाचा वेग वाढवून नव्हे, राउटवरचं लेबल वाचून. कर्नलमधल्या प्रत्येक राउटवर ‘प्रोटो’ नावाचं एक लेबल असतं. २ म्हणजे खुद्द कर्नल, ३ म्हणजे बूट, ४ म्हणजे स्टॅटिक, ९ म्हणजे आयपीव्ही६च्या राउटर जाहिरातीतून आलेला, १२ म्हणजे बर्ड, १६ म्हणजे डीएचसीपी, १८६ म्हणजे बीजीपी. ज्या लेबलांशी आपला संबंध नाही ते राउट सॉकेटच्या तोंडाशीच फिल्टर लावून परतवायचे. सुटसुटीत उपाय. पण लेबल हे शेवटी लेबलच. हाताने ‘आयपी राउट ॲड’ केलं आणि काही सांगितलं नाही, तर त्यावर ३ म्हणजे बूट लागतो, मग मशीन बूट होऊन महिना का झालेला असेना. कोणीही प्रोग्राम कोणतंही लेबल लावू शकतो, कर्नल विचारत नाही. सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि जमीन कसतोय दुसराच, अशी गत. पत्त्यांना तर असं लेबल मिळायला २०२२ उजाडावं लागलं. तोवर एखादा पत्ता कोणी टाकला हे ओळखायचं कसं? ‘मी टाकला होता’ असं ज्याच्या स्मरणात आहे त्याने, आणि त्याची प्रोसेस रिस्टार्ट झाली की स्मरण गेलं.

रिस्टार्ट. सगळी मेख या शब्दात आहे, आणि ती सगळ्यात महागात पडली ८ मार्च २०२३ला. डेटाडॉग ही कंपनी इतरांच्या सर्व्हरांवर नजर ठेवायची सेवा विकते. त्या दिवशी यूटीसी सकाळी सहाच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे साडेअकराला आणि न्यूयॉर्कात मध्यरात्री एकला, तिचीच हजारो मशीन तासाभरात नेटवर्कवरून गायब झाली. वेगवेगळ्या क्लाउडमधली, वेगवेगळ्या प्रदेशांतली, एकमेकांशी जोडलेलीही नसलेली. नंतर कंपनीने कारण स्वतःच सविस्तर प्रसिद्ध केलं. ती मशीन उबुंटू या डिस्ट्रोच्या २२.०४ आवृत्तीवर होती आणि सुरक्षेचे अपडेट आपोआप बसत होते. त्या अपडेटचा उबुंटूतला टायमर सहाला सुटतो आणि गर्दी नको म्हणून प्रत्येक मशीन तासाभराच्या आत कुठलीतरी वेळ निवडतं. त्या दिवशी सिस्टिमडीचं अपडेट आलं, पॅकेजने नेटवर्कडी रिस्टार्ट केला, आणि नेटवर्कडीने उठल्या उठल्या कर्नलमध्ये डोकावून आपल्या कॉन्फिगरेशनमध्ये नसलेलं राउटिंग उडवून लावलं. ते सिलियमने, म्हणजे कंटेनरांचं नेटवर्क सांभाळणाऱ्या प्रोग्रामने टाकलेलं होतं.

आता हे आधी का कळलं नाही, ते बघण्यासारखं आहे. सिस्टिमडी २४८पासून नेटवर्कडी सुरू होताना परके राउटिंग नियम पुसू लागला. २४९मध्ये ते बंद करायचा पर्यायही आला. पण मशीन नव्याने बूट होतं तेव्हा नेटवर्कडी आधी सुरू होतो आणि सिलियम नंतर. पुसायला तेव्हा काही नसतंच. हजारो मशीन रोज उठतात, चाचण्या हिरव्या राहतात, सगळं सुरळीत. चालत्या मशीनवर नेटवर्कडी एकटाच रिस्टार्ट होणं ही घटना महिनोन्महिने घडत नाही, आणि घडते तेव्हा अपडेटच्या निमित्ताने सगळीकडे एकाच तासात घडते. कोणाची बाजू घ्यावी? नेटवर्कडीचं म्हणणं असं की फाइलमध्ये लिहिलंय तसंच नेटवर्क ठेवणं हेच माझं काम, आधीच्या कोणी सोडलेला कचरा मी साफ केला नाही तर कॉन्फिगरेशनला अर्थ काय? ते चूक नाही. सिलियमचं म्हणणं, इंटरफेस माझे, नियम माझे, तू कोण मधे हात घालणारा? तेही चूक नाही. मला विचाराल तर आपण न टाकलेली गोष्ट मुळात पुसायचीच नाही, हाच पर्याय डीफॉल्ट असायला हवा होता. पण मग अर्धवट पुसलेल्या जुन्या कॉन्फिगरेशनच्या तक्रारींचा ढीग वाढला असता, हेही तितकंच खरं.

हे कोडं नावांच्या बाबतीत आणखी विचित्र होतं. इंटरफेसच्या नावाला कर्नलमध्ये १६ बाइटची जागा असते, त्यातला शेवटचा बाइट शून्याचा, म्हणजे हाती उरतात १५ अक्षरं. यूएसबीच्या नेटवर्क कार्डाला युडेव्ह, म्हणजे उपकरणं ओळखणारा सिस्टिमडीचा भाग, नाव देतो ते ‘ईएनएक्स’ या तीन अक्षरांपुढे मॅक पत्त्याचे, म्हणजे कार्डाच्या ओळख क्रमांकाचे, बारा अंक लावून. बरोबर पंधरा. एकही अक्षर शिल्लक नाही. आता त्यावर व्हीलॅन (एकाच कार्डावरचं वेगळं आभासी नेटवर्क) १०० बनवायला गेलात, नेहमीच्या पद्धतीने टिंब आणि १०० जोडून, की कर्नल नाव नाकारतो. काही जुन्या स्क्रिप्टा नाव कापून पुढे जायच्या, आणि दोन व्हीलॅनची कापलेली नावं सारखीच निघाली की धमाल. उपाय नाव बदलण्याचाच, एक डॉट लिंक फाइल लिहून कार्डाला छोटं नाव द्यायचं. पण पॅच लिहिताना पंधराची मर्यादा ओलांडली तर स्पष्ट त्रुटी द्यायची, गुपचूप कापायचं नाही, हे रिव्ह्यूमध्ये आजही सांगावं लागतं.

जानेवारी २०१३मध्ये सिस्टिमडी १९७ने ठरावीक नावांची पद्धत आणली ती ‘ईटीएच०’ आणि ‘ईटीएच१’ यांची बूटगणिक होणारी अदलाबदल थांबवायला. ती थांबलीही. पण ‘ईएनपी३एस०’मधला ३ हा पीसीआय बसचा क्रमांक. ग्राफिक्स कार्ड किंवा एनव्हीएमई डिस्क वाढवली आणि बसची मोजणी सरकली, की तेच कार्ड दुसऱ्या दिवशी ‘ईएनपी४एस०’. कधी ड्रायव्हरच सुधारतो आणि पोर्टचं नाव कर्नलला सांगू लागतो, तेव्हा त्याच नावामागे ‘एनपी०’ असं शेपूट लागतं. माहिती वाढली, कोड आधीपेक्षा बरोबर झाला, आणि कर्नल अपडेट केल्यावर मशीन नेटवर्कशिवाय उठलं, कारण कॉन्फिगरेशन जुन्या नावाची वाट बघत बसलंय. या जाचापायी सिस्टिमडीने नाव ठरवण्याच्या नियमांनाच आवृत्त्या दिल्या. बूटच्या वेळी कर्नलच्या कमांड लाइनवरून युडेव्हला सांगता येतं, की बाबा रे, मला अमुक आवृत्तीच्या नियमांनी नावं दे, त्या वेळच्या चुकांसकट. चूक दुरुस्त करायची आणि ती जपूनही ठेवायची. आधी हसू येतं, नंतर पटतं.

नाव बेभरवशाचं म्हणून मॅक पत्त्यावर बांधा, असा सल्ला सगळे देतात. तोही अर्धाच. व्हीलॅन, बाँड (अनेक कार्डांची एकत्र जोडणी) आणि ब्रिज (मशीनमधला आभासी स्विच) आपल्या खालच्या कार्डाचा मॅक उचलतात, मग एकच अट दोन-तीन इंटरफेसांना लागू पडते आणि पत्ता भलत्यावरच चढतो. नेटवर्कडीत त्यासाठी जन्मजात मॅकवर जुळवायची वेगळी अट आहे, ती वापरावी. ब्रिजचा मॅक तर स्वतंत्र प्रकरण. कोणी काही सांगितलं नाही, तर लिनक्सचा ब्रिज आपल्या पोर्टांतला आकड्याने सगळ्यात लहान मॅक घेतो. नवं व्हर्च्युअल मशीन जोडलं, त्याचा मॅक आणखी लहान निघाला, की ब्रिजचा मॅक बदलतो आणि त्यासोबत डीएचसीपीने दिलेला पत्ताही. म्हणूनच व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या लिबव्हर्टमध्ये पाहुण्या मशीनच्या आत मॅक ५२:५४:००ने सुरू होतो, आणि यजमानाच्या बाजूचं टोक मात्र ‘एफई’ने, म्हणजे मुद्दाम मोठ्या आकड्याने. २०१९च्या सिस्टिमडी २४२ने यावर उपाय म्हणून ब्रिज आणि बाँडना मशीनच्या आयडीवरून काढलेला कायमचा मॅक द्यायला सुरुवात केली. हेतू चांगला. पण बाहेरून मॅक नेमून दिला की ब्रिज पोर्टांचा मॅक घेणं बंद करतो. ज्यांच्याकडे डीएचसीपीची नोंद किंवा स्विचची परवानगी खऱ्या कार्डाच्या मॅकवर होती त्यांचे सर्व्हर अपडेटनंतर बाहेर फेकले गेले. त्यांच्यासाठी ड्रायव्हर ब्रिज असेल तर मॅकचं धोरण ‘नन’ ठेवा, अशी छोटी लिंक फाइल हाच आजही उतारा.

वेळेचे बग थोडक्यात सांगतो, कारण त्यांची रडकथा सारखीच असते: कोणीतरी ‘स्लीप ५’, म्हणजे पाच सेकंद थांब, टाकून विषय संपवलेला असतो. बूटच्या वेळी दोन मिनिटं अडकणारा लॅपटॉप हा नेटवर्कडीच्या वेट-ऑनलाइनचा प्रताप. ते कॉन्फिगर केलेल्या सगळ्या इंटरफेसांची वाट बघतं, डीफॉल्ट मुदत १२० सेकंद. केबल न लावलेल्या पोर्टावर नेटप्लॅनमध्ये, म्हणजे उबुंटूच्या नेटवर्क कॉन्फिगरेशनमध्ये, ‘ऑप्शनल’ ट्रू केलं की सुटका. ब्रिजवरचा डीएचसीपी मिनिटभर रखडतो त्यामागचा हिशेब मला फार आवडतो. कर्नलच्या ब्रिजचा फॉरवर्ड डिले १५ सेकंद, आणि एसटीपी (नेटवर्कमधली चक्रं टाळणारा प्रोटोकॉल) चालू असेल तर लिसनिंग आणि लर्निंग मिळून ३०. डीएचसीपीचं मानक आरएफसी २१३१ सांगतं की क्लायंटने ४, ८, १६, ३२ सेकंद असं थांबत पुन्हा विचारावं. म्हणजे विचारणा जाते शून्याला, चौथ्या, बाराव्या आणि अठ्ठाविसाव्या सेकंदाला. चारही बंद दारावर आपटतात. दार उघडतं तिसाव्याला, आणि पुढची विचारणा थेट साठाव्या सेकंदाला! एसटीपी बंद करून डिले शून्य केला की पत्ता लगेच मिळतो. ‘स्लीप ५’ने इथे काय साधणार होतं?

प्रत्यक्ष दुरुस्ती करताना पहिला नियम असा की आपल्या चालू नेटवर्कला हात लावायचा नाही. ‘आयपी नेटएनएस ॲड’ने एक नेमस्पेस, म्हणजे वेगळं बंदिस्त नेटवर्क, बनवायची, व्हेथची, म्हणजे आभासी केबलच्या दोन टोकांची, जोडी काढायची, एक टोक आत ढकलायचं, एक बाहेर ठेवायचं. बाहेरच्या टोकावर डीएनएसमास्क डीएचसीपी सर्व्हर म्हणून बसवायचा, आत क्लायंट. केबल काढल्याचं नाटक करायचं असेल तर बाहेरचं टोक डाउन करा, आतल्याचा कॅरियर जातो. हवा खराब हवी असेल तर ‘टीसी’चं नेटएम लावून ३० टक्के पॅकेट गाळा, दोनशे मिलिसेकंदांचा उशीर टाका. शर्यतीचा बग असेल, तर ज्या फटीचा संशय आहे तिथे कोडमध्ये तात्पुरतं दोन सेकंद थांबवून ती फट रुंद करा. शंभरातून एकदा दिसणारा बग प्रत्येक वेळी दिसू लागतो. या मांडणीतही एक खड्डा आहे. व्हेथवरून जाणाऱ्या पॅकेटचा यूडीपी चेकसम, म्हणजे मजकूर शाबूत आहे का ते तपासायचा आकडा, बऱ्याचदा पूर्ण भरलेलाच नसतो, कारण ते काम कार्डावर सोपवलंय असं कर्नल धरून चालतो आणि इथे कार्ड नसतंच. कच्च्या सॉकेटवर ऐकणारे जुने क्लायंट अशी पॅकेटं खराब म्हणून फेकायचे. पॅकेट दाखवणाऱ्या टीसीपीडंपमध्ये डीएचसीपीची ऑफर ढळढळीत दिसते आणि क्लायंट म्हणतो आलीच नाही. ‘ईथटूल’ने पाठवणाऱ्या टोकाचं टीएक्स ऑफलोड बंद करून पाहा. तेवढ्याने चालू झालं, तर तुमचा पॅच निर्दोष आहे आणि क्लायंट कर्नलची ‘चेकसम अजून तयार नाही’ ही खूण वाचत नाहीये.

लांबच्या सर्व्हरवरच काम करायची वेळ आली, तर परतीची सोय आधी करून ठेवायची. नेटप्लॅनचं ‘ट्राय’ १२० सेकंदांत एंटर दाबलं नाही तर जुनं कॉन्फिगरेशन परत आणतं. पण ब्रिज आणि बाँडचे खास पॅरामीटर त्याला मागे घेता येत नाहीत, आणि नेमके तेच बदलायला माणूस रात्री दोनला बसलेला असतो. नेटवर्कमॅनेजरचा चेकपॉइंट त्यापेक्षा भरवशाचा वाटतो. डी-बसवरून, म्हणजे प्रोग्रामांच्या आपसातल्या संदेशवाटेवरून, चेकपॉइंट घ्यायचा, मुदत द्यायची, बदल करायचा. मुदतीत पक्कं केलं नाही, तर तो आपला आपण मागे जातो. ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळायच्या कॉकपिटमध्ये नेटवर्क बदलल्यावर ब्राउझर तुटला तर सर्व्हर पुन्हा जागेवर येतो तो यामुळेच.

पॅच तयार झाला की चाचणी आधी जुन्या कोडवर चालवायची. ती तिथे पडली नाही, तर तुम्ही दुसऱ्याच कशाची तरी चाचणी लिहिली आहे. आणि नेटवर्कडीसारख्या डिमनची चाचणी करताना मशीन रीबूट करून खूश व्हायचं नाही. हाताने एक ‘आयपी रूल’ टाका, प्राधान्य काहीतरी ओळखू येईल असं ठेवा, कॉन्फिगरेशनमध्ये परके राउट आणि परके नियम सांभाळण्याचे दोन्ही पर्याय ‘नो’ करा, एकटी सर्व्हिस रिस्टार्ट करा आणि तो नियम जागेवर आहे का बघा. मग पर्याय पुन्हा ‘यस’ करून तेच करा. दोन्हींचं उत्तर कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या नोंदीत, लिहा. कोणत्या जुन्या कमिटमुळे हे बिघडलं, त्याची ‘फिक्सेस’ची ओळ त्याच्या हॅशची पहिली बारा अक्षरं देऊन लिहा. ही औपचारिकता नव्हे. नेटवर्कमॅनेजरमध्ये कोणती दुरुस्ती कोणत्या जुन्या शाखेत न्यायची, हे शोधणारी स्क्रिप्ट ती ओळच वाचते. ओळ नसेल तर दुरुस्ती मुख्य शाखेत राहते, आणि दहा दहा वर्षं चालणाऱ्या एंटरप्राइज डिस्ट्रोंच्या सर्व्हरांवर बग आरामात नांदतो.

बॅकपोर्ट, म्हणजे जुन्या शाखेत नेलेली दुरुस्ती, बाहेर पडला की थोड्याच दिवसांत पहिला रिपोर्ट येतो: अपडेटनंतर नेटवर्क बंद, तातडीने बघा. आवृत्ती नाही, लॉग नाही, असला तर मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो. त्यावर चिडून उपयोग नसतो. पॅकेजची पूर्ण आवृत्ती मागायची, नुसतं ‘लेटेस्ट’ चालणार नाही. नेटवर्कमॅनेजरचं लॉगिंग सगळ्या विभागांसाठी ट्रेसवर, म्हणजे सगळ्यात तपशीलवार पातळीवर, न्यायला सांगायचं. त्याआधी लॉग साठवणाऱ्या जर्नलडीची मर्यादा काढायला सांगायचं, कारण ३० सेकंदांत १०,००० ओळींच्या पुढे ते ओळी टाकून देतं, आणि हव्या त्या ओळी नेमक्या त्यातच असतात. दुसऱ्या खिडकीत वेळेच्या शिक्क्यासह ‘आयपी मॉनिटर’ चालू ठेवायला लावायचं, आणि मगच सर्व्हिस रिस्टार्ट. दोन्ही लॉग शेजारी ठेवले, की राउट कोणत्या क्षणी गेला ते मॉनिटरमध्ये कळतं, आणि त्याच क्षणी आपल्या डिमनने तो पुसायचा आदेश दिला होता का, ते ट्रेसमध्ये. दिला नसेल, तर त्या मशीनवर आणखी कोण कोण चालू आहे ते विचारायचं.